त्याला वारा दे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

रविवारच्या नोंदीत एक चूक आहे. ती खोडत नाही, इथेच दुरुस्त करते. रविवारी मी लिहिलं होतं : "रांजण आता स्वच्छ निळा दिसतो. वास पूर्ण गेला. प्रकृती सुधारली." यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. तिसरं चूक आहे. शुक्रवारी मी हवेचा पंप लावला तेव्हा रांजणाची प्रकृती उत्तम होती. तो आजारी पडला तो माझ्या उपचारांनी.

मी कामाला जाते त्या केंद्रातल्या बाई म्हणतात, नोंद अशी लिहावी की परक्या माणसालाही कळावी. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

बाबा रंगारी आहेत. आमच्या मागच्या छपरीत निळीचा एक रांजण आहे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्यात नीळ, चुना, राखेचं पाणी आणि गव्हाचा कोंडा. आई-बाबांच्या लग्नाच्या वर्षी तो लावला, म्हणजे एकतीस वर्षं झाली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. एवढ्या वर्षांत तो एकदाही बंद पडला नाही. आई त्याला माझा थोरला भाऊ म्हणते. मला मात्र छपरीत यायला बंदी होती. "तू पुस्तक धर," एवढंच बाबा म्हणायचे. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली.

गेल्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला आहे, तो पडद्याला दाबून धरतो. दोन आठवडे पालथं पडून राहायचं, मग आणखी दोन आठवडे प्रवास नाही. दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. दवाखान्याजवळ आत्याचं घर आहे, तिथे आहेत. जाताना म्हणाले, "दिसायला लागलं की घरी येऊन पहिलं फूल बघणार." फूल म्हणजे रांजण जोमात असला की त्याच्या तोंडावर मधोमध जमणारा निळ्या-तांबूस फेसाचा गेंद.

रांजण त्यांनी माझ्यावर सोपवला. आत्याने फोन त्यांच्या कानाला धरला आणि त्यांनी सूचना दिल्या. माझ्या वहीत असं आहे : "१. रोज सकाळी हळू ढवळणे. २. कापड बुडवणे, काढणे. ३. रांजणाला वारा देणे, तासभर."

मी झाकण काढलं तर आत पिवळट हिरवं पाणी आणि असा वास की डोळ्यांत पाणी यावं. मत्स्यबीज केंद्रात मी टाक्या सांभाळते. तिथे असं पाणी दिसलं तर ती टाकी गेली असं समजायचं. हवेचा पंप बंद पडला तर पिलं बघता बघता पोट वर करून तरंगतात. म्हणून मी पंप दुरुस्त करणाऱ्यांकडून (त्यांना सगळे पंपवाला म्हणतात) एक जुना पंप मागून आणला. "घरी एक टाकी आहे," असं सांगितलं. रांजणाला टाकी म्हणणं हे अर्धसत्य आहे, याचीही नोंद असावी. आणि तासभराऐवजी तीन दिवस हवा दिली. म्हटलं, कसर राहायला नको.

आज हातभर पांढरं कापड बुडवलं. निळं निघालं. मी नळाखाली धरलं तर सगळा निळा रंग वाहून गेला आणि हातात पांढरं कापड. पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. आई दारात उभी होती. म्हणाली, "रंगवते आहेस की आंघोळ घालते आहेस?"

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "कसा आहे तो?"

"छान निळा दिसतोय, बाबा."

पलीकडून नुसतेच दाबलेले आवाज आले. मग आत्या म्हणाली, "अगं, याला ठसका लागलाय." उशीत तोंड खुपसून बोललं की असं होत असावं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "निळा नको गं असायला. वरून तांबूस आणि आतून हिरवट. म्हणजे तो बरा."

बाबांना खरं सांगायला हवं. पण पालथ्या माणसाला अशी बातमी द्यायची, आणि त्यांनी दचकून मान वर केली तर? बुडबुडा जागचा हलेल. बरं होईपर्यंत थांबते. हे कारण खरं आहे. भिते आहे, हेही खरं आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाई केंद्रात पाणी तपासतात. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि त्या कुणालाच भीत नाहीत.

मी विचारलं, "बाई, हवा दिली की बिघडतं असं पाणी असतं का?"

"पाणी नसतं, पाण्यातले जिवाणू असतात. काय मारलंस?"

सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यासाठी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "तू श्वास कशाला घेतेस?"

"जगायला."

"हे आमची मांजरही सांगेल. बस इथे."

टेबलावरचे चहाचे रिकामे कप त्यांनी एका रांगेत मांडले. "विहिरीपासून बादल्या हातोहात पुढे देणारी माणसं समज. अन्न मोडलं की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. त्या भरलेल्या बादल्या. याने त्याला द्यायची, त्याने पुढच्याला. प्रत्येक हातबदलात थोडी शक्ती मिळते, त्यावर जीव चालतो. पण शेवटच्या माणसाने बादली ओतायची कुठे? ओतायला जागा नसेल तर?"

"सगळे भरल्या हातांनी उभे."

"आणि उपाशी. तू आणि मी ती बादली ऑक्सिजनमध्ये ओततो. श्वास म्हणजे तेवढंच, शेवटच्या बादलीची सोय. ज्यांच्याकडे ऑक्सिजन नाही ते दुसरी जागा शोधतात. तळ्याच्या गाळातले काही जण गंधकाच्या क्षारात ओततात, म्हणून तो सडक्या अंड्यांचा वास. काही जण मोडलेल्या अन्नाच्याच तुकड्यात परत ओततात, त्याचं आम्ल होतं. आणि तुझ्या रांजणातले उरलेल्या बादल्या निळीत ओततात."

"मग निळीचं काय होतं?"

"ती पिवळी पडते आणि पाण्यात विरघळते. विरघळली म्हणून धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हवा तिच्याकडून ती बादली हिसकावून घेते. झाली पुन्हा निळी, पण आता धाग्याच्या आत. पाण्याने निघायची नाही."

मी एकतीस वर्षं, म्हणजे माझ्या वाट्याची चोवीस, निळ्या हातांच्या माणसाच्या घरात राहिले आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे मी तीन दिवस त्या हिसकावणाऱ्यालाच घरात आणून बसवलं."

"पाहुणचारासकट. सगळे मेले नसतील. तळच्या साक्यात बरेच लपलेले असतात. पंप काढ, झाकण लाव, आणि मग काहीही करू नकोस. जमेल?"

"प्रयत्न करते."

"नाही जमायचं तुला."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज फोनवर बाबांनी विचारलं, "कापड काढलं की त्याला वारा देतेस ना?"

मी वही उघडून बसले होते. पान उलटून तिसरी सूचना पुन्हा वाचली.

त्याला! रांजण पुल्लिंगी, कापड नपुंसकलिंगी, आणि "त्याला" दोघांचंही एकच. पहिल्या दिवशीही ते "त्याला"च म्हणाले असणार. "रांजणाला" हा शब्द माझा आहे. सर्वनामांच्या धड्यावर मला वीसपैकी वीस गुण होते.

एकतीस वर्षांत या सूचना कुणी लिहून घेतल्याच नव्हत्या. बाबा बोलताना बोट दाखवतात. "त्याला ढवळ", "त्याला पीळ", "त्याला जपून", आणि बोट बरोबर त्या-त्या वस्तूकडे. फोनला बोट नाही. नवीन वही केली आहे. तिच्यात एकही सर्वनाम येऊ देणार नाही.

नंतर बाबा आपणहून एक जुनी गोष्ट सांगत बसले. त्यांच्या वडिलांचा रांजण म्हणे एकदा झोपला होता. (आमच्यात रांजण मेला असं म्हणत नाहीत, झोपला म्हणतात.) तर त्यांनी आठ दिवस झाकण काढलं नाही, वरून जुनी रजई घातली आणि घरातल्या सगळ्यांना तिकडे फिरकायची बंदी केली. पालथं पडून कंटाळा येत असणार. त्यांचं मन रमावं म्हणून मीही "मग काय झालं?" असं विचारत राहिले. आई शेजारीच बसून दोरा ओवत होती. उगाचच हसली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काही न करणं मला जमलं नाही. एवढ्या बादल्या चालवायच्या तर अन्न नको का, असा विचार केला. चार ओंजळी कोंडा घातला.

फोनवर खरं तेच सांगितलं, "बाबा, आज कोंडा घातला."

"किती?"

"चार ओंजळी."

"अरे वा," बाबा म्हणाले. "भूक आहे म्हणायची."

सोमवार, ९ फेब्रुवारी

रांजणाला आंबट वास येतो. केंद्रातून सामू (पीएच) मोजायच्या पट्ट्यांची डबी आणली (रजिस्टरमध्ये लिहिलं : "घरगुती रांजणासाठी, एक डबी"). आकडा दहाच्या वर हवा, आठ निघाला. बाई म्हणाल्या, "मिळालं एवढं खायला तर करत सुटले आम्ल. त्यांचा दोष नाही. वाढणारीला कळायला हवं."

आणि योगायोग असा की आज बाबांनी सांगितलेली गोष्टही कोंड्याचीच! त्यांच्या आत्याने म्हणे एकदा मायेपोटी रांजणाला भरमसाट कोंडा चारला. "ताप उतरलेल्या माणसाला कुणी चार ताटं वाढतं का, बाळ?" बाबा म्हणाले. "मग वडिलांनी रोज मूठ-मूठ चुना दिला. हाताला लागला की धुवायचं मात्र, नाहीतर सालं निघतात. पाणी दोन बोटांत चोळून साबणासारखं बुळबुळीत लागलं, तेव्हा थांबले." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला बरं सगळं आठवतं." म्हणाले, "डोळे मिटले की आठवतं."

हातमोजे घालून एक मूठ चुना घातला. बुळबुळीतपणा मोज्यातून कळत नाही, म्हणून पट्टी. साडेआठ.

केंद्रात पंपवाले भेटले. "मासे कसे आहेत?" मी "बरे आहेत" म्हणू शकत नव्हते, कारण मासे नाहीत. "आहेत," म्हटलं. तेही खोटंच झालं. ते रोज विचारतात. पंप परत हवा असेल.

बुधवार, ११ फेब्रुवारी

काही नाही. चुना एक मूठ, पट्टी साडेनऊ. झाकणाला दोनदा कान लावला. आई म्हणाली, "आतून काय म्हणतोय?"

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पंप धुऊन, पुसून, नळी गुंडाळून परत नेला आणि सगळं सांगून टाकलं. मासे नाहीत, रांजण आहे, आणि तुमच्या पंपाने मी त्याची वाट लावली.

पंपवाले गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे पंप चांगला चालला."

"चांगलाच चालला."

"मी आपला रोज माशांची चौकशी करतोय. मनात म्हणायचो, किती हळवी आहे, माशांचं नाव काढलं की चेहरा उतरतो." मग विचारलं, "रांजण गार पडतो का?"

मी म्हटलं, पहाटे वीस अंशांवर येतो. बाबा तिथे शेगडी ठेवत, मला ती पेटवून ठेवायची भीती वाटते.

"पिलांच्या टाकीतली विजेची तापवणी आहे माझ्याकडे. आपोआप चालू-बंद होते. रविवारी आणून लावतो."

मी म्हटलं, त्रास कशाला, मी नेईन. म्हणाले, लावायला कसब लागतं. मला वाटत होतं फक्त पाण्यात सोडायची असते.

रविवार, १५ फेब्रुवारी

फक्त पाण्यात सोडायची असते. तरी त्यांना दोन तास लागले, कारण आईने चहा केला. आई पहिल्या कपाला त्यांना "तुम्ही घ्या" म्हणत होती, दुसऱ्या कपाला "तू घे रे". एका चहात असं काय घडलं ते मला कळलं नाही.

पट्टी दहा. तापमान तीस. झाकण त्यांनी बोटभरच सरकवलं, आत डोकावून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "झोपलेल्याला उठवू नये." मी त्यांना हा आमच्या घरातला शब्द सांगितलेला नव्हता.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "त्यांना तापमानात फार रस दिसतो."

"तापमानात का?" आई म्हणाली. "बरं."

बुधवार, १८ फेब्रुवारी

वास आला! सकाळी छपरीचं दार उघडलं आणि तोच तो, डोळ्यांत पाणी आणणारा वास. मी आईला हाका मारत सुटले. आई पिठाच्या हातांनी धावत आली, दारातच थबकली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आला गं बाई माझा घाणेरडा!" दोघी तिथेच उभ्या राहून तो वास घेत होतो. कुणी बघितलं असतं तर आमच्याबद्दल काय वाटलं असतं कोण जाणे.

बाईंना विचारलं, एवढा वेळ का लागला? त्यांनी मला गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीपाशी.

"साखरेच्या एका रेणूमागे तुला शक्तीचे तीसेक घास मिळतात असं धर. ऑक्सिजनवर बादली फार उंचावरून ओतली जाते ना, म्हणून. हवेविना आंबवून जगणाऱ्याला दोन. काही जणांना तर एका वेळी पुरा घाससुद्धा मिळत नाही, पाव घासाएवढीच शक्ती मिळते. पाव घास ठेवायचा कुठे?"

"कुठे?"

त्यांनी टाकीवर थाप मारली. "पेशीला कातडी असते. मिळालेल्या चिमूटभर शक्तीने ते विजेचा भार असलेले कण कातडीबाहेर ढकलतात. एक ढकलला, थांबले. पुन्हा मिळाली शक्ती, पुन्हा एक. हातपंपाने ही टाकी भरावी तसं. पुरेसे साठले की ते कण आत यायला धावतात, वाटेत एक चक्र असतं, ते फिरतं आणि घास तयार होतो. तुझ्या चुन्याच्या पाण्यात नेहमीचे कण बाहेर टिकत नाहीत, म्हणून त्यातले काही जण मिठातल्या सोडियमच्या कणांवर काम चालवतात."

"मग मी मीठ घालू का?"

"काहीही घालू नकोस!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की खाली पंपवाल्यांनी वर बघितलं.

मी बराच वेळ टाकीपाशी उभी होते. वाटेल तेवढी हवा असलेल्या जगात, एका झाकणाखाली अंधारात, कुणीतरी पाव-पाव घास जमवून इतका नेटका संसार करतंय, आणि आमचं घर एकतीस वर्षं त्यांच्या शेवटच्या बादलीवर चालतंय! मला एकदम एवढा आनंद झाला की जिना उतरताना एक पायरी चुकली. लागलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

झाकण काढलं. वर तांबूस साय, खाली हिरवट. हातभर कापड हळूच बुडवलं, शंभर आकडे मोजले, काढलं. कोवळ्या पानासारखं पिवळं-हिरवं! मग मी कापडाला (कापडाला!) वारा दिला. कडेकडेने निळं होत गेलं, मग मध्ये. आईने एवढ्या वर्षांत हजारदा बघितलं असेल, पण तीही श्वास रोखून उभी होती. नळाखाली धरलं. पाणी स्वच्छ वाहिलं आणि निळं कापडातच राहिलं. फिकट आहे. पण राहिलं.

फूल नाही. चार-पाच बुडबुडे येतात आणि फुटतात.

फोनवर : "कसा आहे तो?"

"पिवळट हिरवा, बाबा. आणि घाण वास येतोय."

बाबा हसायला लागले. इतके हसले की आत्या ओरडली, "अरे, डोळ्यातला बुडबुडा आहे तो, हलेल!" घाण वासात एवढं हसण्यासारखं काय आहे? पण आवाज छान होता. आता त्यांना बसायची परवानगी आहे. बुडबुड्याच्या कडेवरून थोडं दिसतं म्हणाले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

फूल आलं.

सकाळी साडेसहाला झाकण काढलं. मधोमध, लिंबाएवढं. बघता बघता शेजारचे बुडबुडे त्याला येऊन मिळाले आणि संत्र्याएवढं झालं. गडद निळं, वरून तांब्याची झाक. मी आईला हाक मारायचीच विसरले. शेवटी तीच आली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात रांजणाच्या काठावर ठेवला.

केंद्रात जायच्या आधी एक ओढणीभर कापड पाच वेळा बुडवलं. तिसऱ्या वेळी हातमोजा फाटला. काढून टाकला. पाणी कोमट होतं आणि दोन बोटांत चोळलं तर खरंच साबणासारखं. पट्टीला जे आकड्यात कळतं ते बाबांना असं कळतं! हात लगेच धुतले, पण नखं निळी ती निळीच.

माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी निळा अंगठा आहे. बाबांना त्यासाठी शाई लागायची नाही. (हे शब्दशः खरं नाही, थोडी लागायची.) सातवीत मी तो अंगठा वहीखाली झाकून पुस्तक वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवलं होतं. ही नोंद कुठेच केलेली नाही, म्हणून इथे करते.

आज केंद्रात कुणीतरी विचारलं, "हाताला काय झालं?" मी हात झाकले नाहीत. पंपवाले म्हणाले, "मासा उमटला वाटतं." फूल आल्याचं सांगितलं तर त्यांनी पंप बंद पडला की वाजवायची घंटा दोनदा वाजवली. सगळे धावत आले. बाई त्यांना रागावल्या आणि मला दुधाचा पेढा... नाही, पेढा नव्हता, साखरेची पुडी होती. टेबलाच्या खणात तेवढीच होती. म्हणाल्या, "तीसेक घास. जपून खा."

गुरुवार, २६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सोडलं. बुडबुडा मोहरीएवढा उरला आहे, पडदा चिकटला आहे. बाबा रविवारी सकाळी दहाला पोहोचतील. "आल्या आल्या फूल," म्हणाले.

आईला विचारलं, बाबांना खरं कधी सांगू? आई म्हणाली, "आता कशाला? फूल आलंय की."

म्हणूनच तर. फूल बघून झाल्यावर सांगितलं तर ती कबुली नाही, ती फुशारकी. "बघा, मी बिघडवला आणि मीच उठवला." ते मला नको आहे. आधी सांगायचं, झाकण बंद असताना, जेव्हा त्यांना रागावता येईल.

"सांग बाई," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "केवढा धक्का बसेल त्यांना." तिचे खांदे हलत होते. तिलाही भरून आलं असावं.

आणखी एक गोष्ट मनात आहे. मला रंगवायला शिकायचं आहे. केंद्र सोडून नाही, सकाळी, केंद्रात जायच्या आधी. बाबांनी मला छपरीपासून लांब ठेवलं ते माझे हात निळे होऊ नयेत म्हणून. ते आता झाले. नव्या वहीत अठ्ठावीस पानं भरली आहेत. बाबांच्या कंटाळ्यातल्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत, आणि नवल म्हणजे त्या ओळीने लावल्या तर झोपलेला रांजण उठवायची पूर्ण कृती तयार होते. त्यांनी सहज सांगितलेलं किती उपयोगी पडलं, हेही त्यांना सांगेन.

शनिवार, २८ फेब्रुवारी

फूल आज थाळीएवढं. तापमान तीस. पट्टी साडेदहा. कोंडा अर्धी मूठ. छपरी झाडली, रांजणावरची रजई उन्हात घातली.

सकाळी आई म्हणाली, "उद्या त्यालाही बोलाव."

मी आता सर्वनामाला फसत नाही. "कुणाला?" म्हटलं.

"व्याकरणात वीसपैकी वीस ना? ओळख."

रांजण घरातच आहे. कापडाला आमंत्रण लागत नाही. दोन्ही वगळून मी उत्तर काढलं आणि तेवढ्यात माझी बस चुकली.

केंद्रात पंपवाल्यांना विचारलं, उद्या साडेदहाला याल का, बाबा येताहेत. म्हणाले, "येतो की. तापमान बघायला हवंच." तापमान तीस आहे, ते मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. सांगितलं नाही. याला लपवणं म्हणायचं का, ते अजून ठरवता आलेलं नाही. पण साडेदहा ही वेळ मी मुद्दाम दिली, कारण दहा ते साडेदहा हा वेळ फक्त बाबांचा आहे.

मनात पाठ करून ठेवलं आहे. बाबांना हात धरून छपरीत न्यायचं. झाकणावर हात ठेवायचा, माझा, निळ्या नखांचा, त्यांना दिसेल असा. म्हणायचं : "बाबा, तीन दिवस मी त्याला वारा दिला होता. त्याला म्हणजे रांजणाला." आणि बोटही दाखवायचं. ते काय बोलतील ते पुरतं ऐकून घ्यायचं. मग झाकण काढायचं. मग विचारायचं, मला शिकवाल का?

ठरलं : रविवार, एक मार्च. सकाळी दहा.